पोचम्मापुढं म्हटलेलं एक वाक्य

सुमन गेल्याचा फोन आला तेव्हा मी गुडीहत्नूर गावाबाहेर कापसाच्या एका शेतात बोअरमधली जळलेली मोटार वर काढत होतो. फोन शेजारच्या मरियम्मा सिस्टरचा होता. ‘अन्ना, घरी या,’ एवढंच ती म्हणाली आणि थांबली. त्या थांबण्यातच मला सगळं कळलं. सकाळी सुमनला जरा बरं वाटत होतं. मी जायला तयार नव्हतो, तर तिनंच मला पाठवलं. ‘कास्तकार वाट पाहून राह्यला असन, पऱ्हाटी सुकून राह्यली त्याची. जा तुमी...’ पाइप अर्धे वर आलेले होते. असे मध्येच सोडता येत नाहीत, मोटार तळाला जाते. ते बांधून होईपर्यंत मी तिथंच दोरखंड धरून उभा राहिलो. बायको गेलेली आणि मी दुसऱ्याची मोटार सांभाळतोय... आता काही आठवडे झाले, पण डोळे मिटले की तो दोरखंड अजून तळहाताला लागतो.

हायवेला लागून माझं मोटार वाइंडिंगचं छोटं दुकान आहे. सुमन निर्मल गावाकडची, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली. लग्नानंतर तिला दिवस गेले, पण मूल काही हाती आलं नाही, आणि पुढंही तसंच होत राहिलं. हळदीकुंकवाला बायका तिला टाळू लागल्या. माझी माय वाईट नाही, पण ती रोज काहीतरी बोलायची. त्या काळात सरकारी दवाखान्यात नर्स असलेली मरियम्मा सुमनला आपल्या प्रार्थनेला घेऊन गेली. पत्र्याच्या खोलीत दर रविवारी पाच-पंचवीस माणसं जमायची, गाणी तेलुगूतली. सुमन पहिल्यांदा जाऊन आली तेव्हा मी विचारलं, काय असतं तिथं? ती म्हणाली, ‘तिथं कोणी मले विचारत नाही, काऊन नाही झालं म्हणून.’ मूल त्यानंतरही झालं नाही. पण ती जात राहिली, आणि एका उन्हाळ्यात तिनं बाप्तिस्मा घेतला. मायनं बरेच दिवस तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. मी म्हटलं होतं, तू खुशाल जा, फक्त मला बोलावू नको. तिनं कधी बोलावलं नाही.

मग मी आजारी पडलो. कावीळ अंगातच ठेवून काम करत राहिलो आणि ती डोक्यात गेली. आदिलाबादच्या दवाखान्यात मी बेशुद्ध पडलो होतो, त्यामुळं पुढचं मला नंतर कळलं. डॉक्टरांनी, आमच्या हातात आहे ते करतो आहोत, असं सांगितल्यावर मायनं ठरवून टाकलं की हा गावदेवी पोचम्माचा कोप आहे. घरातली सवाष्ण दुसऱ्या देवाकडं गेली म्हणून. मायनं सुमनला ओल्या लुगड्यानं गावाबाहेरच्या निंबाखाली, पोचम्माच्या ओट्यावर नेलं. नारळ फोडला, हळद वाहिली. मग म्हणाली, ‘आता म्हन तिच्यापुढं. मी तुजीच हाव, मले दुसरा देव नाही.’ सुमन फुटलेल्या नारळाकडं पाहत राहिली. माय म्हणाली, ‘माजा लेक मरून राह्यला तिकडं.’ तेव्हा सुमननं ते वाक्य म्हटलं. हळू म्हटलं, तर मायनं पुन्हा मोठ्यानं म्हणायला लावलं. पुढं काही दिवसांनी मी डोळे उघडले. डॉक्टर म्हणाले औषध लागू पडलं, माय म्हणाली पोचम्मा पावली. सुमन माझे पाय चेपत बसून राहिली.

ती पुन्हा प्रार्थनेला जाऊ लागली, तेव्हा मला वाटलं सगळं पहिल्यासारखं झालं. पण एकदा मरियम्मानं मला बाजूला घेऊन सांगितलं की प्रभुभोजनाची, म्हणजे त्यांच्या प्रसादाची, भाकर आणि रस फिरतात तेव्हा सुमन ताटली पुढच्या बाईकडं सरकवते, स्वतः घेत नाही. मी तिला विचारलं. ती अंगणात अंबाडीची भाजी खुडत होती. तिनं मान वर न करता ओट्यावरचं सगळं सांगितलं, आणि म्हणाली, ‘मी प्रभूले नाही म्हटलं. आता त्याच्या ताटात हात कसा घालू? माझं तारण गेलं.’ तारण म्हणजे त्यांच्यातला मोक्ष.

मी म्हटलं, ‘तुमच्यात माफी असते म्हणतात. पस्तावा केला की झालं.’

‘तेच तर होत नाही न.’ आता तिनं माझ्याकडं पाहिलं. ‘तुमी असे समोर बसून हा. उद्या पुन्हा तशी वेळ आली, तर मी पुन्हा जाईन, पुन्हा म्हणीन. मंग पस्तावा कशाचा करू? त्याच्यापुढं खोटं बोलू?’

मी उठून दुकानात गेलो आणि तारेचे वेढे चुकवत बसलो. तिनं पाप केलं असं मला कधी वाटलं नाही. पण माझं जिवंत असणं हीच तिची अडचण होती, आणि ती दूर करण्याचा कुठलाच मार्ग माझ्याकडं नव्हता. त्यानंतर ती ताटात भाकरी वाढायची आणि मला ती गिळताना जड जायची.

पुढं त्यांची प्रार्थना चालवणाऱ्या पास्टरच्या घरची मोटार जळली. बसवायला गेलो तेव्हा मी त्यांना विचारलं की विश्वासणाऱ्याचं तारण जातं का? भला माणूस होता. मला द्यायला धरलेला पाना खाली ठेवून त्यांनी नीट समजावलं. ज्याला खरं तारण मिळालं, त्याचं ते जात नाही, देव त्याला धरून ठेवतो. जो कायमचा मागं फिरतो त्याला ते मुळात मिळालेलंच नसतं. मी पहिला भाग ऐकूनच खूश झालो आणि घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. ती पीठ मळत होती. तिचे हात थांबले. ‘म्हणजे माझं आधीपासूनच नव्हतं?’ असं ती म्हणाली, तेव्हा मी काय घेऊन आलो ते मला कळलं. नंतर वरंगलकडून एक पाहुणे प्रचारक आले. ते म्हणाले, तारण जातं, जपावं लागतं, आणि सगळं कळून मागं फिरलेल्याला पुन्हा उभं करता येत नाही. दोघं दोन उलट गोष्टी सांगत होते, आणि दोन्हीकडून सुमन बाहेरच राहत होती. मरियम्मा तिला म्हणायची, ‘रस्त्यावर लेकरू आईचा हात सोडतं, आई सोडते का?’ सुमन हसायची. ‘मले लेकरू नाही झालं सिस्टर, मले काय माहीत.’

अशी वर्षं गेली. ती कुढत बसणारी नव्हती. रविवारी सगळ्यांच्या आधी जाऊन झाडायची, तेलुगू न येणाऱ्या बायकांना गाण्याचा अर्थ मराठीत सांगायची, आजाऱ्यांच्या उशाशी बसायची. आणि ताटली आली की पुढं सरकवायची. मी एकदा म्हटलं, नाहीच मिळणार असं वाटतं तर जातेस कशाला? म्हणाली, ‘आवडते मले तो.’

मागच्या वर्षी तिच्या पोटात गाठ निघाली. हैदराबादला नेलं, आणलं. शेवटी डॉक्टरांनी घरी ठेवा म्हटलं. एका दुपारी तिच्या खाटेशी बसलेलो असताना मी म्हणालो, ‘मी तुझ्या प्रार्थनेत येतो. बाप्तिस्मा घेतो. माय काय म्हणायचं ते म्हणू दे. तू फक्त बरी हो.’

तिनं विचारलं, ‘विश्वास आहे का तुमाले?’

‘नाही.’

‘मंग?’

‘तुझ्यासाठी.’

‘असं नका करू,’ ती म्हणाली. ‘मी केलं, मले माहीत हाय कसं असते.’ मग भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. मला वाटलं झोप लागली... पण ती पुन्हा माझ्याकडं वळली. ‘तुमी म्हणाले त्याचा मले राग नाही आला. स्वतःचा देव सोडून देऊन राह्यले माझ्यासाठी. राग याले पाह्यजे होता न? उलट माया आली.’ मग तिनं विचारलं, ‘मी नाही म्हटलं तवा त्याले बी नसन आला का राग?’

मला शास्त्रातलं काही कळत नाही. ज्यांना कळत होतं त्यांचं ऐकून झालं होतं. मी म्हटलं, ‘नसन आला.’

त्या रविवारी प्रार्थना संपल्यावर पास्टर आणि मरियम्मा ताटली घेऊन घरी आले. मायनं आपली खाट ओढून त्यांना जागा करून दिली आणि दाराशी जाऊन उभी राहिली. सुमननं भाकरीचा तुकडा घेतला. गिळता येत नव्हतं, म्हणून तो बराच वेळ तिच्या तोंडात होता. बाकीच्यांनी डोळे मिटले होते. तिचे उघडे होते, आणि ती माझ्याकडं पाहत होती. त्याच आठवड्यात ती गेली.

आता मी रोज त्या नजरेशी येऊन अडकतो. तिला खरंच आपलं तारण आहे असं वाटलं म्हणून तिनं तो तुकडा घेतला? की मागं राहणाऱ्या मला हे ओझं नको म्हणून घेतला? पहिल्यांदा तिनं माझ्यासाठी नाही म्हटलं होतं. हेही माझ्यासाठीच केलं असेल, तर मी तिच्याकडून किती घेतलं... तेव्हा विचारता आलं असतं. विचारलं नाही, कारण उत्तराची भीती वाटली. पेपरच्या पुरवणीत हे वाचणाऱ्यांत कोणी जाणता असेल, तर त्याला ठाऊक असेल तारण जातं की नाही ते. मला एवढंच ठाऊक आहे की ती ज्याला नाही म्हणाली, त्याच्या घरातून ती कधी उठून गेली नाही.

जेवायला बसलं की सुमन डोळे मिटून काहीतरी पुटपुटायची आणि शेवटी ‘आमेन’ म्हणायची. तोवर मी भाकरीवर हात ठेवून थांबायचो. माझ्या देवाशी त्याचा काही संबंध नव्हता, तिच्या आधी जेवायचं नाही एवढंच. अजूनही हात तसाच थांबतो, आणि कधी उचलायचा ते कळत नाही. परवा असाच थांबलो होतो. वरण निवत होतं. माय समोर बसली होती. ओट्यावर म्हणायला लावलेल्या त्या वाक्याबद्दल ती आजवर एक शब्द बोललेली नाही. तिनं माझ्या हाताकडं पाहिलं, मग सुमनच्या रिकाम्या पाटाकडं पाहिलं, आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

‘आमेन,’ माय म्हणाली. ‘खाय आता.’