जाळी नसलेला पट्टा

रागावर माझा ताबा कधीच नव्हता. वडिलांचाही नव्हता. मोहाडीहून आंधळगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरची राइस मिल त्यांनी माझ्या हाती दिली, तेव्हा हा वारसाही सोबत आला. माणसाला दोन ठेवून दिल्या की काम नीट होतं, असं मी खरंच मानत होतो.

मोटरच्या पट्ट्यावर लोखंडी जाळी होती. पट्टा घसरला की दरवेळी ती खोलावी लागायची, म्हणून मीच काढून मागच्या भिंतीला टेकवली. अकरा वर्षं माझ्याकडे मशीन चालवणारा माणूस तेव्हाच म्हणाला होता, "मालक, कोनाचा तरी हात जाईन." मी हसण्यावारी नेलं.

गेल्या हंगामात एका सकाळी पट्टा घसरला. बाहेर धानाचे ट्रॅक्टर उभे. त्याने मोटर बंद केली आणि शांतपणे सांगितलं, "जाळी लागल्याबिगर मी बटन दाबत नाही."

"तू मले कायदा शिकवतं का बे?"

"शिकवत नाही. सांगून राहिलो."

तेही चारचौघांत! माझं डोकं सणकलं. मी त्याच्या कानाखाली वाजवली. तो पडला नाही, याचा आणखी राग आला. कोपऱ्यात जुन्या पट्ट्याचा तुकडा होता. तो उचलला आणि पाठीवर, दंडावर, मानेवर, सापडेल तिथे हाणला. बनियन फाटली, मग कातडी फाटली. धान घेऊन आलेले शेतकरी बघत राहिले, एकही पुढे आला नाही. दम लागल्यावर मी ओरडलो, "निघ! उद्यापासून येऊ नको."

तो दारापर्यंत गेला. त्याच्यावाचून माझं अडत नाही हे दाखवायला मी मोटर चालू केली आणि फिरत्या चाकावर पट्टा चढवायला गेलो. वडिलांना तसं करताना पाहिलं होतं. पट्ट्याने आधी बाही ओढली, मग हात. हाड मोडल्याचा आवाज मला मोटरच्या घरघरीतही ऐकू आला. भिंतीवर, कोंड्यावर, माझ्या तोंडावर रक्त उडालं. त्यानेच धावत येऊन बटण दाबलं. उजव्या हाताची दोन बोटं गेली, हात राहिला.

दवाखान्यातून आल्यावर मी त्याच्या घरी मिठाईचा डबा पाठवला. भांडण मिटवायची आमची हीच रीत. डबा परत आला आणि आठवड्याभरात कामगार कार्यालयाची नोटीस आली. मी भडकून फोन लावला, "काहून बे? जीव वाचवला, आन आता तक्रार करून राहिला?"

"वाचवलं थे वेगळं, मालक. मारलं थे वेगळं."

भंडाऱ्याच्या कार्यालयात अधिकारी मॅडमनी दोघांना समोरासमोर बसवलं. मला म्हणाल्या, "जाळी लावणं तुमची जबाबदारी आहे. ती नसताना त्यांनी मशीन चालवायला नकार दिला, हा गुन्हा नाही. आणि 'येऊ नको' असं ओरडून कुणाची नोकरी जात नाही." मग थेट विचारलं, "मारलं का तुम्ही?"

शेतकरी सगळे माझ्या ओळखीचे. मी नाही म्हटलं असतं तर एकानेही तोंड उघडलं नसतं, आणि तक्रार खोटी ठरून त्याची अकरा वर्षांची नोकरी तिथेच संपली असती. तो माझ्या तोंडाकडे बघत नव्हता, हाताच्या पट्टीकडे बघत होता. मला लाज वाटली. आयुष्यात एवढी कशाची वाटली नव्हती.

"मारलं," मी म्हणालो.

लेखी ठरलं. तो कामावर परत येणार, जाळी पक्की बसणार. त्याने स्वतःहून एकच मागितलं, "चारचौघात मारलं, तं माफीबी चारचौघातच."

सोमवारी मी मिलच्या अंगणात, सगळ्यांसमोर माफी मागितली. आत जाऊन त्याने जाळी दोन्ही हातांनी हलवून पाहिली, ती जागची हलली नाही.

"करू चालू?" त्याने विचारलं.

बटण दाखवायला मी पट्टी बांधलेला हात उचलला. तशी झटक्यात त्याची मान खाली गेली आणि मार चुकवायला दोन्ही हात डोक्यावर आले.