सोड्याचा डबा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही, आणि तो म्हणे माझ्या पोटातलं ओठांवर यायच्या आधी ओळखतो! तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर तोंड उघडायचं तर आधी चहा टाकावा लागतो, आणि चहाला उकळी येईपर्यंत माझा धीर गळून जातो.

स्वयंपाकातलं मला कळतं, असं आमच्याकडे मानतात. पापडी गावापासून स्टेशनाकडच्या नव्या इमारतींपर्यंतच्या बायका मला फोन करतात. वहिनी, केक मधे बसला. मावशी, वरून फुटला. मी ठामपणे उत्तरं देते, जणू आईच्या पोटातूनच शिकून आले. इसेन्सच्या बाटलीशी माझं वाकडं आहे. जायफळ किसा, वेलची कुटा, पण ती बाटली आणू नका. लोणी नसेल तर साजूक तूप घ्या, डालड्याला मी ओट्यावर चढू देत नाही. साखर अर्धी करा आणि सुकेळी घाला. सुकेळी म्हणजे राजेळी केळी सोलून उन्हात सुकवलेली, तपकिरी आणि चिकट. आमच्या भागाबाहेर ती फारशी कुणाला ठाऊक नसतात, पण केकमध्ये त्यांच्यापुढे खजूर पाणी भरेल. सिलिकॉनचे साचे दिसायला देखणे आणि कामाला ढ. आणि महागाचा ओव्हन घेतला म्हणून हात सुधारत नाही — हे मी अनुभवाने सांगते.

डब्यांविषयी तर मी बोलायला लागले की थांबत नाही. मैदा काचेच्या बरणीत ठेवा, नाहीतर स्टीलच्या डब्यात. प्लास्टिक वास धरतं. धुवा, घासा, उन्हात वाळवा, तरी धरतं. नाक लावल्याशिवाय कुठल्याही डब्यात काही भरू नका! बायका म्हणतात, किती बारीक लक्ष हो तुमचं. मी हसते. दर वेळी हसते आणि विषय बदलते.

कारण केक मला येतच नव्हता. यायचा तो वैशालीला.

वैशाली माझी धाकटी जाऊ. आम्ही वाडीवाले — केळी, पानवेल, फुलझाडं. ती खाडीकाठच्या भातशेतीवाल्यांची. दिराने स्वतःच्या पसंतीने लग्न केलं. सासूबाईंनी अक्षता टाकल्या, पण हात आखडूनच. ती पाण्याला ‘पानी’ म्हणाली, की सासूबाई ‘ण’वर जोर देऊन तिला तोच शब्द परत ऐकवायच्या. वैशाली हसायची आणि पुन्हा ‘पानी’च म्हणायची. पोर गोड होती, खरंच सांगते.

मला तेव्हा नुकताच ओव्हन आला होता, काचेच्या दाराचा. त्यातून माझे केक विटांसारखे निघायचे. आणि ही बया जाड बुडाच्या टोपात रेती पसरायची, रेतीवर एक ताटली पालथी घालायची, तिच्यावर केकचं भांडं, वर झाकण, खाली मंद आच. मापाचा कप नाही, घड्याळ नाही. ओट्याशी उभी राहून हवेत वास घ्यायची आणि म्हणायची, “झाला, वयनी.” आणि झालेला असायचा! शेजारपाजारचे तिच्याकडे वाढदिवसाचे केक मागायला लागले होते. फाटकावर पाटी लावायचं तिच्या मनात होतं, ‘घरगुती केक मिळतील’ अशी. रंग कुठला द्यावा, हे तिने मलाच विचारलं होतं.

मला तिचा हेवा वाटायचा.

मग नणंदेचं लग्न ठरायला आलं. मुलाकडची मंडळी संध्याकाळी चहाला येणार होती. सासूबाई म्हणाल्या, केक वैशालीलाच करू दे. त्यातला ‘च’ ऐकलात? मोठी सून मी, ओव्हन माझा, आणि तरी तो ‘च’! मी वर तोंड करून म्हटलंसुद्धा, हो हो, तिचाच छान होतो.

सकाळी वैशालीने सुकेळी चिरली, मैद्यात घोळवली आणि मला हाक मारली. “वयनी, मी पूजेची भांडी घासून येते. एवढं डब्यात घालून ठेव, मुंग्या लागतील. सोड्याचा डबा रिकामा हाय बघ.”

आता आमच्या घरात सोड्याचे डबे दोन. एक खायच्या सोड्याचा. दुसरा सोड्यांचा — म्हणजे सोललेली, सुकवलेली कोळंबी, आम्ही ती पाचूबंदरहून आणतो. दोन्ही डबे आइस्क्रीमचे, प्लास्टिकचे, एकाच रंगाचे. त्या दिवशी दोन्ही रिकामे, धुतलेले, फळीवर शेजारी शेजारी. बोलताना दोन्हींना आम्ही सोड्याचा डबाच म्हणायचो. एकदा सासऱ्यांनी भजीच्या पिठात घालायला सोडा मागितला आणि नणंदेने मूठभर सोडे आणून दिले होते, तेव्हा आम्ही सगळे पोट धरून हसलो होतो.

मी नको तो डबा घेतला.

इथे थांबले तर काय बिघडेल? घाई होती, डबे सारखे, शब्द एकच. कुणाचीही चूक होईल, नाही का? वाक्यसुद्धा मी तयार ठेवलं होतं — ‘तूच म्हणालीस ना, सोड्याचा डबा?’ पुढे कित्येक वर्षं मी स्वतःलाही तेच वाक्य ऐकवत आले. ऐकून ऐकून ते खरंही वाटायला लागलं होतं.

पण खरं ते नाही. झाकण उघडल्यावर मी डब्यात नाक घातलं होतं. वास होता. फार नाही — पण होता. दुसरा डबा तिथेच, हाताशी. आणि वैशालीला सर्दी झाली होती, नाक पार बंद होतं, तिला त्या दिवशी कशाचाच वास येणार नव्हता — हेही मला ठाऊक होतं. सगळं ठाऊक असताना मी मैदा आणि सुकेळी त्याच डब्यात ओतली आणि झाकण घट्ट दाबलं. तिचा केक एकदा, एकदाच फसावा, आणि सासूबाईंनी माझ्याकडे वळून बघावं, एवढंच मला हवं होतं. एवढंच, असं मी म्हणते. जसं काही ते थोडं होतं.

मासळीवाल्या घरात असल्या वासाकडे कोण लक्ष देतं? केक भाजताना कुणी नाक वर केलं नाही. मुलाच्या आईने पहिला घास घेतला आणि त्या थबकल्या. चांगली बाई होती, हसतच म्हणाली, “यात सुकटाचा वास येतो का हो?”

सासूबाईंचा चेहरा पडला. मग वेळ मारून न्यायला त्याही हसल्या. “आमची धाकटी खाडीकडची ना! हात कितीही धुतले तरी वास थोडाच जातो?”

सगळे हसले. मीही हसले. हो, मीही.

वैशाली चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने ट्रे खाली ठेवला आणि दोन्ही तळवे नाकाशी नेले. नाक बंद. तिला काय कळणार होतं? कळलं नाही, म्हणून तिने ऐकलेलं खरं मानलं. मी आत जाऊन बिस्किटांची बशी भरून आणली आणि पाहुण्यांपुढे फिरवली. डब्याचं कुणी विचारलंच नाही, माझं तयार वाक्य वायाच गेलं. वासाचं कारण सगळ्यांना आधीच सापडलं होतं.

लग्न ठरलं. नणंद सुखात आहे. तो डबा मी त्याच संध्याकाळी कचऱ्यात टाकला. वैशालीने टोपातली रेती अंगणात ओतली आणि पुन्हा कधी भरली नाही. पाटीचं नाव कुणी काढलं नाही. पाहुणे आले की ती भाज्या चिरून द्यायची, मळायला-वळायला मला पुढे करायची. सासूबाई गेल्या, त्या तसंच समजून गेल्या. जायफळ, सुकेळी, मंद आच — जे मी आज ठणकावून सांगते, ते सगळं तिच्या शेजारी उभी राहून चोरलेलं आहे. ती माझा केक खाते, छान झालाय म्हणते. मनापासून म्हणते, तेच मला सहन होत नाही.

गेल्या महिन्यात तिची मुलगी, ऋतुजा, म्हणाली, मोठी आई, मला केक शिकव, आईला येत नाही ना. वैशाली शेजारीच बसून वाल सोलत होती. तिने मान हलवली, “हो, मला नाय जमत.” तेव्हा तरी बोलायचं! मी म्हणाले, “ये रविवारी.”

ऋतुजा आली. मैदा चाळून परातीत ठेवला होता. तिने बेसिनवर साबणाने हात धुतले, मग पिशवीतून अर्धं लिंबू काढलं आणि तळवे, बोटं, नखांच्या कडा चोळायला लागली. मी विचारलं, हे काय गं?

“अगं, आपल्या हाताला वास असतो ना. म्हणजे आईच्या आणि माझ्या. आई म्हणते, कुणाच्या घरी पिठाला हात लावायच्या आधी लिंबू चोळून घ्यायचं.” हे तिने अगदी सहज सांगितलं, लहानपणापासून करत आल्यासारखं. मग दोन्ही हात माझ्यापुढे धरले. “बघ, गेला का?”

मी तिचे हात हातात घेतले, नाकाशी नेले. लिंबाशिवाय कसलाही वास नव्हता. कधीच नव्हता.

“गेला,” मी म्हणाले.