सारवलेल्या सहा चुली

शेलूबाजारच्या धर्मशाळेची पाहणी करायला उद्या पंच येणार, हा निरोप तिथल्या चुली सांभाळणाऱ्या पंचफुलाला बाजाराच्या दिवशी संध्याकाळी मिळाला. मागच्या ओसरीत खताचं गोदाम करावं असं पंचांच्या मनात होतं. एसटी सुरू झाल्यापासून तिथं कोणी रांधत नाही, चुली थंड पडल्या, असं त्यांच्या कानावर आलेलं. ते खरं का, हे डोळ्यांनी पाहून ठरवायचं होतं.

धर्मशाळा एका कापसाच्या व्यापाऱ्यानं गाडीवाल्यांसाठी बांधलेली. पुढं बैलांसाठी अंगण, मागं कवेलूंच्या छपराची लांब ओसरी, तिच्यात ओळीनं सहा चुली. पंचफुलाची सासू अंगण झाडायची. ओसरीची पायरी चढायची तिला मुभा नव्हती. गावोगावचे तिच्या समाजातले लोक बाजाराला आले की मागच्या भिंतीला, बाहेरून, तीन दगड मांडून भाकरी भाजायचे. छप्पन साली सगळ्यांनी धम्म घेतला. सासूनं घरातले देव काढून टाकले, पण ती पायरी काही तिच्यानं चढवली नाही.

पुढं ओसरी सांभाळणारी म्हातारी वारली. त्या कामाला दुसरं कोणी मिळेना, तेव्हा पंचांनी नाइलाजानं पंचफुलाला ठेवलं. पहिल्याच बाजारी तिनं सारवलेली चूल मालेगावकडच्या सोजरबाईनं तिच्यादेखत पुन्हा सारवली. पुढच्या बाजारी पंचफुलानं चूल अशी गुळगुळीत सारवली, की सोजरबाईनं नुसता हात फिरवला आणि लाकडं घातली. त्याला आता चौदा वर्षं झाली होती. ओसरी गेली तर हे सगळं जाणार होतं.

म्हणून पाहणीच्या दिवशी ती उजाडायच्या आत कामाला लागली. कालच्या बाजाराची राख टोपल्या भरभरून टाकून आली. साहीच्या साही चुली पांढऱ्या मातीनं सारवल्या. भिंतीवरची काजळी खरवडली, चुन्याचे दोन हात दिले.

दहाच्या सुमाराला मुख्य पंच दौलतराव आले, बरोबर खताचे दुकानदार बबनराव. दौलतरावांनी चुलीत वाकून पाहिलं. भिंतीवर बोट फिरवलं, ते पांढरं झालं.

"इथं तं वर्षभरात कोनं काडी नसंन लावली."

"मी म्हनतच होतो," बबनराव म्हणाले.

पंचफुला म्हणाली, "पाटील, काल साही चुली पेटल्या होत्या. सकायी मीच सारवल्या. भितही मीच चुन्यानं पोतली."

"काहून?"

"तुमी येनार म्हून."

बबनराव हसले. "आपनच पुसून टाकलं, अन् आपनच सांगून राह्यली."

तेवढ्यात तिला मागची भिंत आठवली. ती तिनं धर्मशाळेत कधी धरलीच नव्हती, म्हणून तिला चुनाही लावला नव्हता. "मांगं या," ती म्हणाली आणि पुढं झाली.

मागं भिंत जमिनीपासून वळचणीपर्यंत काळीकुट्ट होती. खाली तीन दगड, त्यांत निखारे. कालच्या बाजाराला येऊन राहिलेले, तिच्याच समाजातले म्हातारे भिवाजीबाबा भाकर खात बसले होते. वर या म्हणून पंचफुलानं त्यांना शंभरदा सांगितलं असेल. ते म्हणायचे, तुह्या गुळगुळीत चुलीवर माही भाकर फुगत नाई.

"अंदर चुली हाये, बाबा," दौलतराव म्हणाले. "मंग इथं कायले?"

"सवय, पाटील," भिवाजीबाबा घास गिळून म्हणाले. "तुमच्याच मोठ्या लोकायनं लावेल."

दौलतरावांनी काळी भिंत खालपासून वरपर्यंत पाहिली. मग म्हणाले, "म्हंजे सोय इथंही होते. ज्याले रांधाचं त्यानं इथं रांधावं. ओसरी कायले अडवाची? पंचफुला, तू राह्य. गोदाम झाडाले कोनी तं लागनच."

धर्मशाळेतली तिची खोली राहिली, कामही राहिलं. ओसरी गेली.

पुढच्या बाजारी सोजरबाई रांधायचा गंज घेऊन आली, तर ओसरीत छतापर्यंत पोती.

"पंचफुला, चुली कुठी व?"

पंचफुला तिला मागं घेऊन गेली. भिवाजीबाबा होतेच. सोजरबाई भिंतीकडं पाहत उभी राहिली.

"इथं?"

"इथंच."

"या बाई," भिवाजीबाबांनी आपले दगड थोडे सरकवले. "वाऱ्याकडं पाठ करून बसा, धूर लागनार नाई."

सोजरबाईनं गंज खाली ठेवला नाही. "जागा तरी सारवून देतं का?"

त्या जागेला आजवर कोणी सारवलं नव्हतं. पंचफुलानं शेणकाला आणला, बसली, आणि आधी भिवाजीबाबांच्या दगडांभोवती हात फिरवला. मग त्याच हातानं पुढं सरकत सोजरबाईची जागा केली. ती वाळेपर्यंत सोजरबाई गंज कडेवर घेऊन उभी होती.

भिंतीला मात्र पंचफुलानं चुना लावला नाही.