पंथाच्या दुकानातले काका

मारुंजीत आमच्या सोसायटीसमोर मासळीचं दुकान आहे. दुकान, बर्फाचा कारखाना, समुद्रावरच्या बोटी, सगळं एकाच धार्मिक पंथाच्या मालकीचं. तिथे मासे कापणारे काका मूळचे भरे गावचे, बायको-मुलीला सोडून पंथात आलेले. सुरी टेकवण्याआधी ते डोळे मिटून काहीतरी पुटपुटतात. कामाला काम म्हटलेलं त्यांना खपत नाही. "सेवा हाय ही, ताई," असं लगेच सुनावतात.

गेल्या रविवारी रांगेत माझ्यापुढे एक तरुण मुलगी होती. नंबर आल्यावर ती हळूच म्हणाली, "आबा, घरी चला. आई लई आजारी हाय. सारखी तुमालाच इचारतीया."

काकांची सुरी थांबली.

"निरोप आला तवाच इचारलं म्या पंथात वर. परवानगी न्हाई मिळाली, पोरी."

मग त्यांनी सुरमईचे चांगले तुकडे निवडले आणि चिमट्याने एकेक काटा काढायला बसले. असं ते कोणालाच करून देत नाहीत. मागे लोक कुरकुरले, पण त्यांनी मान वर केली नाही.

"तिला कालवण कर. काटा एकबी ठिवला न्हाई."

मुलगी पिशवी घेऊन स्कूटरवर बसली. भरे तिथून जेमतेम अर्ध्या तासावर. काका रस्त्याकडे बघत राहिले. नंबर माझा होता, पण मी त्यांना हाक मारली नाही.