देव्हाऱ्यातल्या झिणझिण्या

आमच्या घरात सात महिने देव जागृत होता, आणि त्याला जागा मी केला होता. हे मी खूप उशिरा कबूल केलं. म्हणून आता जसं घडलं तसं सगळं लिहितो.

आम्ही ग्वाल्हेरला जयेंद्रगंजात राहतो. आमचे पूर्वज दक्षिणेतून दरबाराच्या पूजाअर्चेसाठी इकडे आले. त्यांच्यापासून माझ्यापर्यंत विद्येची जी घसरण झाली तिच्या तळाशी मी शाळेत विज्ञान शिकवतो. आठवीला विजेचा धडा आहे.

गेल्या पौषात आई म्हणाली, पहाटे देव्हाऱ्यात अंधार असतो, बाळकृष्णाचं तोंड दिसत नाही. मी मिस्त्री बोलवायला हवा होता. पण विज्ञानाच्या मास्तराने दोन दिवे लावायला मिस्त्री बोलवायचा म्हणजे कमीपणा. मी महाराज बाड्याच्या बाजारातून वायर आणली, पितळी पत्रा मढवलेल्या त्या देव्हाऱ्यात दोन छोटे दिवे बसवले आणि खाली, जिथून अभिषेकाचं पाणी वाहतं तिथेच, वायरीला जोड दिला. त्यावर चिकटपट्टी गुंडाळली. भरपूर गुंडाळली. प्लगला तीन पिना होत्या आणि भिंतीत भोकं दोनच. तिसरी, जाड पिन मी पक्कडीने कापून टाकली.

दुसऱ्या दिवशी आई आंघोळ करून आली. ओले केस, अनवाणी, पायाखाली आमची थंड दगडी फरशी. तिने देव्हाऱ्याच्या चौकटीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. मग पुन्हा लावला.

"अरे, झिणझिण्या आल्या," ती म्हणाली.

मला त्याच क्षणी कळलं. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबा गेल्यापासून दोन वर्षं ती पूजा करत होती, पण देवाशी बोलत नव्हती. आधी पूजा करताना ती देवाला भाजीचे भावसुद्धा सांगायची.

"जागा आहे रे तो," ती म्हणाली.

मी तोंड मिटलं.

गुपचूप दुरुस्ती करू, असं मी ठरवलं. ती भाजी आणायला गेल्यावर जोड सोडला, नव्याने पिळला आणि वर आणखी पट्टी गुंडाळली. दुसऱ्या दिवशी पूजा करून ती स्वयंपाकघरात आली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता. "आज तर एकदम कोपरापर्यंत!"

त्यानंतर मी त्याला हात लावला नाही.

हळूहळू या देवाचं एक शास्त्रच तयार झालं. आंघोळ करून लगेच गेलं तर तो जास्त प्रसन्न. पाटावर बसणाऱ्याशी तो बोलत नाही, उभ्याने हात लावावा. अभिषेकानंतर एकदम जोरात. दाना ओली नावाच्या मोहल्ल्यातल्या मावशी, म्हणजे आईची शाळेपासूनची मैत्रीण, ऑटो करून आल्या, हात लावला आणि "अगं बाई!" म्हणून तिथेच हात जोडून उभ्या राहिल्या. दुसऱ्या खेपेला त्यांनी नणंदेला आणलं.

फक्त माझ्या बायकोला काही लागत नव्हतं.

तिची टाच दुखते. डॉक्टरांनी थंड फरशीवर अनवाणी उभं राहू नका म्हणून सांगितलं होतं, म्हणून देवापुढे ती योगासनांच्या रबरी चटईचा एक तुकडा टाकून त्यावर उभी राहायची. देव्हारा घासायची तेव्हा बटण बंद असायचं.

"काही लागलं?" आई विचारायची.

"नाही, आई."

"मन लावून हात लाव ना."

"मनही लावलंय, आई. हातही लावलाय."

"मग त्यालाच विचार, का नाराज आहे तुझ्यावर."

मावशी तिची समजूत घालायच्या. "काहींना उशिरा लागतं गं. परेशान नको होऊस. माझ्या नणंदेला तर चार फेऱ्या लागल्या."

आणि मी? मी त्या वेळी वर्तमानपत्र वाचत असे. शाळेत मी फळ्यावर 'रबड़ विद्युत का कुचालक है', म्हणजे रबरातून वीज जात नाही, असं लिहायचो, मुलांकडून तीनदा म्हणवून घ्यायचो आणि घरी येऊन गप्प बसायचो. चटई काढ म्हटलं तर बायकोला शॉक बसणार. चटईमुळे लागत नाही म्हटलं तर आईचा देव जाणार. म्हणून मी काहीच म्हणत नव्हतो, आणि यालाच मी समतोल समजत होतो.

श्रावण लागला. हवा ओली झाली आणि देव फारच प्रसन्न झाला. एका सकाळी आईने जाहीर केलं, "पुढच्या सोमवारी अकरा जणींनी मिळून अभिषेक करायचा. मावशीने सगळ्यांना सांगितलंय." मग बायकोकडे वळून म्हणाली, "तू फराळाचं बघ. देव जिला ओळखच देत नाही, तिने अभिषेकाला कसं बसायचं, तूच सांग."

माझ्या डोळ्यांपुढे अकरा ओल्या बायका, अनवाणी, कळशीभर पाणी आणि माझी चिकटपट्टी उभी राहिली. त्या दिवशी मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

ओळखीचा मिस्त्री नको होता, त्याने गल्लीभर सांगितलं असतं. शिवाय आता मला शिकलेला, सरकारी परवाना असलेला माणूस हवा होता. बाड्याजवळच्या विजेच्या सामानाच्या दुकानात गेलो आणि हळूच विचारलं, "लाइसेंस वाला कोई मिलेगा?"

दुकानदाराने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "झगड़ा ज़मीन का है?"

"नाही, म्हणजे... नहीं, मंदिर का."

"मंदिर का तो और ख़राब होता है," तो म्हणाला. "बारह बोर चाहिए कि राइफ़ल?"

आमच्या भागात लायसन्स म्हटलं की माणसाला बंदूकच आठवते, हे मी विसरलो होतो. मला इलेक्ट्रिशियनचं लायसन्स हवंय हे पटवायला पाच मिनिटं लागली. पटल्यावर तो निराश झाला. "बत्ती जोड़ने को लाइसेंस!" असं म्हणत त्याने एक नंबर लिहून दिला.

शनिवारी आई दाना ओलीत मावशींकडे सोमवारची तयारी करायला गेली आणि तेवढ्या वेळात मी त्या माणसाला बोलावलं. पन्नाशीचा, चष्मा लावणारा, हातात नीट बांधलेली पिशवी. त्याने न विचारताच प्लॅस्टिकच्या पाकिटातला परवाना दाखवला. मी तो दोन्ही हातांनी घेतला, प्रसाद घेतात तसा.

"जूते बाहर उतार दीजिए," मी म्हटलं. "पूजा का कमरा है."

"क्या तकलीफ़ है मंदिर में?"

"छूने पर झिनझिनी आती है."

"तो भाईसाहब, जूते उतार दिए तो दर्शन मुझे भी हो जाएँगे."

असे आम्ही दोघं उंबऱ्यावर उभे राहिलो. शेवटी त्यानेच मार्ग काढला. पिशवीतून जाड रबराचा तुकडा काढला, देव्हाऱ्यापुढे अंथरला आणि त्यावर पाय ठेवून बूट उतरवले. टेस्टर चौकटीला लावला. टेस्टरमधला दिवा लागला. मग त्याने बटण बंद केलं, खाली वाकून माझा जोड बाहेर काढला आणि बराच वेळ त्याकडे पाहत राहिला. पट्टी ओली होऊन लिबलिबीत झाली होती.

"ये किसने किया?"

"था कोई मिस्त्री," मी म्हणालो.

"मिस्त्री नहीं था. मिस्त्री इतना टेप नहीं लगाता." त्याने प्लग उचलला. "और ये देखिए, अर्थ ही काट दिया."

अर्थ. त्याला ज्या जाड पिनेतून गळती जमिनीत जाते ती पिन म्हणायची होती. मला मात्र ते शब्दशः लागलं. सात महिने ज्या घरात मी गप्प बसलो होतो, तिथला अर्थ मीच पक्कडीने कापला होता.

"सब ठीक हो जाएगा," तो म्हणाला. "नया तार, अर्थ, और एक पेटी लगा देता हूँ. ज़रा भी लीक हुआ तो बत्ती अपने आप कट."

मग मी जे विचारलं ते लिहितानाही कान गरम होतात. "थोड़ा सा रह सकता है क्या?"

"क्या?"

"करंट. ज़रा सा. माताजी के लिए. नुकसान न हो, बस इतना कि पता चले."

त्याने चष्मा काढला. "भाईसाहब, लोग करंट निकलवाने बुलाते हैं. रखवाने को आपने ही बुलाया है."

"उनकी श्रद्धा है... सोमवार को अभिषेक भी है..."

"श्रद्धा का नहीं पता. सोमवार को पानी ज़्यादा गिर गया तो अम्माजी सीधे भगवान के पास." मग पायाखालच्या रबराकडे बोट दाखवून म्हणाला, "मुझे कुछ नहीं होता क्योंकि मैं इस पर खड़ा हूँ. वे तो नंगे पाँव गीली खड़ी होती होंगी. यही फ़र्क़ है, और कुछ नहीं."

मी वळलो. दारात बायको चहाचे कप घेऊन उभी होती. ती माझ्याकडे पाहत नव्हती. कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेल्या आपल्या चटईकडे पाहत होती.

"चीनी कम लगे तो बताइएगा," ती त्याला म्हणाली आणि आत गेली.

तो गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" तिने विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

तिने ओटा पुसला. पुसलेला ओटा पुन्हा पुसला. "तुम्हाला वाटलं असेल, मी हसण्यावारी नेतेय. मलाही तसंच वाटायचं. पण चैत्रापासून मी सोमवार धरलेत. म्हटलं, काही चुकत असेल आपलं. ऑफिसात डबा उघडायचा नाही, तसाच परत आणायचा."

सोमवारचा तो परत आलेला डबा संध्याकाळी चहाबरोबर मी खात असे. पोळी-भाजी कशी काय उरते, असं मी एकदाही विचारलं नव्हतं.

"आईंना कोण सांगणार?" तिने विचारलं.

"मी," मी म्हणालो.

रविवारी सकाळी आई आंघोळ करून आली. हात लावला. थांबली. हात ओला करून पुन्हा लावला. मग कपाळ टेकवलं. मी मागे उभा राहून वाक्य जुळवत होतो. आई फरशीवर बसली.

"गेला," ती म्हणाली. "आणि मला माहीत आहे का गेला." तिने बायकोला हाक मारली. "इकडे ये गं. मी तुला नाही नाही ते बोलले. तेच त्याला आवडलं नाही. माझंच चुकलं."

आणि तिने सुनेपुढे हात जोडले.

इथे मला एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायची आहे. मला हायसं वाटलं. बायको निर्दोष ठरली होती, करंट गेला होता, माफीही मागून झाली होती. मी एक शब्दही न बोलता सगळं मिटलं असतं. मी खरोखरच वर्तमानपत्र कुठे आहे ते शोधू लागलो.

बायकोने आईचे हात धरले. "तसं नाहीये, आई," ती म्हणाली आणि माझ्याकडे पाहिलं. "हे सांगतील."

मी सांगितलं. वायर, जोड, पट्टी, पिन, चटई. शेवटी, "थोडासा ठेवा" म्हणालो होतो, तेसुद्धा.

"म्हणजे सात महिने मी तुझ्या वायरीला नमस्कार करत होते?"

"हो."

"आणि तू ही चटई बघत होतास."

"हो."

"आता सोमवारी तूच सांगायचं. अकरा जणींसमोर. मी नाही सांगणार."

म्हणून सोमवारी, अकरा बायका कळशा घेऊन जमल्या असताना, मी देव्हाऱ्याशेजारी उभा राहून आठवीचा धडा मराठीत घेतला. धडा संपल्यावर मावशी पुढे झाल्या, चौकटीला हात लावला आणि डोळे मिटले.

"मला तर आजही लागलं," त्या म्हणाल्या.

त्यांच्या नणंदेलाही लागलं. तिसरीला थोडं लागलं. आईने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि कळशी बायकोच्या हातात दिली. "तू सुरू कर. पहिलं पाणी तुझं."

बायको आपल्या चटईवर उभी राहिली आणि धार धरली. मावशींना माझी कीव आली असावी. "तू पण लाव रे हात," त्या म्हणाल्या. "एवढं पाप बोलून मोकळा झालास. बघ, तुला पण लागेल."

मी अनवाणी होतो, फरशी ओली होती. मी चौकटीला हात लावला. काहीच लागलं नाही.

"मन लावून लाव," मावशी म्हणाल्या. "काहींना उशिरा लागतं."

"हो," बायको धार न मोडता म्हणाली. "सात महिनेसुद्धा लागतात."