यंत्राशेजारची जागा

खाणीचा खड्डा किती खोल दिसावा, हे कोणी ठरवायचं?

डिचोलीतल्या आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, खाण कंपनीचा एक माणूस खड्ड्याची खोली दाखवणाऱ्या थ्री-डी स्लाइड आणि त्या पडद्यावर टाकणारं यंत्र घेऊन येतो. नम्र, गोडबोल्या. रंगीत चष्मे स्वतःच्या रुमालाने पुसून देतो आणि शेवटी, खाण वाढवायला होकार असलेल्यांना हात वर करायला सांगतो. ज्यांच्या विहिरी खाणीला लागून आहेत, त्यांना तो हाताला धरून पहिल्या रांगेत नेतो. "काका, तुमी फुडें बसा. फाटल्यान कायच दिसना!"

"इतकोच खड्डो?" आमचे शेजारी काका हसले. "आमची तळी हाच्यापरस खोल!"

यंत्राशेजारी मात्र तो कुणालाच बसू देत नाही. वायरीत पाय अडकेल म्हणतो. काल वाऱ्याने सुटलेला पडदा बांधायला तो गेला, तेव्हा मी तिथे बसलो. तोच खड्डा माझ्या पायांशी उघडला, तळाचा ट्रक काडेपेटीएवढा. पडद्याजवळ बसलं की खोली चपटी होते. खरी दिसते ती यंत्राजवळून. त्याला ती रोज दिसते.

परत येऊन त्याने माझा चष्मा अलगद काढला. "पात्रांव," मालकाला म्हणावं तसं तो म्हणाला, "तुमची जागा फुडें."

तो तुमच्या वाड्यावर आला, तर हात वर करण्याआधी यंत्राशेजारी जाऊन बसा. विहीरवाल्यांनाही सोबत न्या.