जन्माचं की मागनं आलेलं

इकोच्या खोलीबाहेरच्या बाकावर शालनचा डोळा लागतोय आणि लागतही नाहीये. दुपारचे तीन. नंबर पुकारणारी नर्स कुठेतरी लांब बोलतेय. शालन आलेली पित्ताच्या खड्यांचं साधं ऑपरेशन करायला. पण डॉक्टरीणबाईंनी तपासताना छातीला नळी लावली आणि ठोक्यांमध्ये फुसफुस ऐकू येते म्हणाल्या. आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी. हृदयाच्या झडपेचं हे दुखणं जन्माचं की मागनं आलेलं, हे त्यांना हवंय. जन्माचं असेल तर शालनची गरोदर लेक केतकी आणि तिच्या पोटातलं बाळ, दोघांचंही हृदय तपासावं लागेल. सांगू शकणारी एकटी आई होती, आणि तिला जाऊन अकरा वर्षं झाली.

आई शेजारीच बसलीय. मांडीवर निर्गुडीचा पाला, पुढ्यात तवा. दवाखान्यात तवा कसा, असं शालनला विचारायचं असतं, पण तोवर गडहिंग्लजच्या घरातली चूल पेटलीय आणि तिचे पाय नऊ वर्षांच्या पोरीचे झालेत. गुडघे टम्म सुजलेत.

आई गरम पाला गुडघ्याला बांधते, मग घोट्याला. काल गुडघा धरला होता, आज घोटा, अंगात ताप, असं कुणाला तरी सांगतेय. हे खरंच झालं होतं का, असं शालन विचारते. आई उठते. तिच्या हातात आता पोह्यांच्या बशा आहेत. सतरंजीवर पाहुणे बसलेत, शालन एकोणीस वर्षांची, साडी सावरत उभी. चुलीवर मात्र इंजेक्शनच्या सुया उकळताहेत.

"दर महिन्याला मला टोचायचे, ते कशाचं गं?"

"ताकदीचं म्हणून तुला सांगितलेलं. डॉक्टर म्हणालेला, सांध्यांचा ताप काळजात उतरलाय, सुई थांबवू नका."

"मग थांबवलीस का?"

आई पाहुण्यांकडे बघत आवाज खाली आणते. "काळजाची दुखणाईत पोरगी कुणी करून घेतली असती? बघायला यायच्या आधी बंद केली."

शालनला राग येतो. जिन्यावर दम लागला की इतकी वर्षं ती स्वतःलाच आळशी म्हणत आली. आणि तेवढ्यात तिचा जीवही भांड्यात पडतो. जन्माचं नाही, म्हणजे केतकी सुटली. आईशी भांडावं की तिच्या गळ्यात पडावं, तिला काही सुचत नाही.

"जाताना तरी सांगायचंस."

"जीभ रेटली न्हाई. थांब, मला ऐकू दे."

आई वाकते आणि सात मोत्यांची कुडी घातलेला कान शालनच्या छातीवर घट्ट दाबून धरते.

नर्स खांदा हलवतेय. आत गेल्या गेल्या शालन सांगून टाकते, जन्माचं नाही, लहानपणी ताप येऊन सांधे सुजायचे, सुया चालू होत्या. हे तिला आठवलं की दिसलं, तिचं तिलाच कळत नाही.

"कुणी सांगितलं?" डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता विचारतात.

"आईनं."

पडद्यावर झडप बघितली की खात्री होईल, असं म्हणत त्या जेलची बाटली उचलतात आणि थबकतात. शालननं मंगळसूत्र तर मघाशीच काढून पर्समध्ये ठेवलेलं. तरी छातीवर डावीकडे काहीतरी रुतल्याच्या सात बारीक गोल खुणा आहेत, आईच्या कुडीतल्या मोत्यांएवढ्या.

"थोडं थांबा," शालन म्हणते. "इतक्यात जेल लावू नका."